नाममुद्रेचा प्रश्न : २००७ मधील ड्रायव्हर-वादाचा इतिहास

भारतीय प्रताधिकार कायद्यात १९८४ साली झालेल्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत केला. अमेरिकेच्या कायद्यात आज्ञावलीला प्रताधिकाराचे संरक्षण १९८० सालीच स्पष्टपणे मिळाले होते आणि १९९४ च्या ट्रिप्स कराराने तर आज्ञावल्यांना साहित्यकृती मानण्याचे बंधन सर्व सदस्य राष्ट्रांवर घातले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कादंबरी, कवितासंग्रह आणि छपाईयंत्राला कामाला लावणारी आज्ञावली ही एकाच कपाटातली पुस्तके ठरतात. आम्ही मराठीचे अध्यापक या वस्तुस्थितीकडे बरीच वर्षे केवळ एक गंमत म्हणून पाहत होतो. परंतु मुक्त आज्ञावल्यांच्या इतिहासातील २००७ सालचे एक भांडण आमच्या वाचनात आले, तेव्हा ही गंमत राहिली नाही. मूळ संहिता कोणती, तिच्यात भर घालणाऱ्याचा अधिकार कोठवर, संहितेच्या माथ्यावरचे नाव कोण पुसू शकतो, हे त्या भांडणातले प्रश्न आहेत. पाठचिकित्सेच्या तासाला आपण विद्यार्थ्यांपुढे मांडतो ते प्रश्न याहून वेगळे नसतात. म्हणून त्या वादाची हकीकत येथे क्रमाने सांगण्याचे योजिले आहे.

१

ड्रायव्हर म्हणजे यंत्रभाग आणि संगणकाची मूलप्रणाली यांच्यामधील दुभाषा. बिनतारी संपर्काच्या चिपमध्ये अनेक कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. अमुक क्रमांकाच्या कप्प्यात तमुक संख्या लिहिली की चिपमधला रेडिओ ठरावीक वारंवारितेवर येतो. दुसऱ्या कप्प्यात दुसरी संख्या लिहिली की प्रक्षेपणाची शक्ती कमीजास्त होते. या संख्यांचे अर्थ उत्पादकाला ठाऊक असतात. तो ते सांगत नाही तोवर ती चिप म्हणजे कोश हरवलेला शिलालेख. ज्याला ड्रायव्हर लिहायचा आहे त्याला तो लेख चिन्ह-चिन्ह जुळवून, चुकत-माकत लावावा लागतो.

मुक्त आज्ञावल्यांच्या चळवळीचा उगमही अशाच एका अडचणीत सांगितला जातो. १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन हे एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करीत होते. तेथील जुन्या छपाईयंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी फेरफार करून, कागद अडकला की संबंधितांना संगणकावर सूचना मिळावी, अशी सोय केली होती. पुढे झेरॉक्स कंपनीने प्रयोगशाळेला नवे लेझर छपाईयंत्र भेट दिले. त्याच्या आज्ञावलीची मूळ संहिता मात्र दिली नाही. त्यामुळे कागद अडकत राहिला आणि सुधारणा करता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती संहिता होती. परंतु त्याने गुप्ततेचे वचन लिहून दिले असल्याने ती देण्यास नकार दिला. या नकाराची बोच स्टॉलमन यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना सिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची; लिनक्सचा गाभा आजही त्याच आवृत्तीखाली आहे.

जीपीएलची अट थोडक्यात अशी सांगता येईल : ही आज्ञावली घ्या, बदला, वाटा, विका, पण तिच्यापासून तयार केलेली आज्ञावली जेव्हा इतरांना द्याल तेव्हा तिची मूळ संहिता त्यांना उपलब्ध ठेवा, ती सबंध याच परवान्याखाली द्या आणि घेणाऱ्यावर आणखी कोणतीही अट लादू नका. देणाऱ्याने मोकळेपणाने दिले, तर घेणाऱ्यानेही पुढे तसेच दिले पाहिजे, असा हा वसा आहे.

याच काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत दुसरी परंपरा रुजत होती. बीएसडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या परवान्याची अपेक्षा फार थोडी होती. आज्ञावलीचे काय हवे ते करा, तिची मूळ संहिता झाकून ठेवलीत तरी चालेल. मात्र लेखकाचे नाव आणि हा परवान्याचा मजकूर काढू नका. आरंभी त्यात आणखी एक कलम होते. आज्ञावलीच्या जाहिरातीतही विद्यापीठाचा ऋणनिर्देश करावा, असे ते कलम सांगे. इतरांनी हे कलम उचलून आपापली नावे त्यात घातली, आणि १९९७ सालच्या नेटबीएसडीच्या एका आवृत्तीत असे पंचाहत्तर ऋणनिर्देश स्टॉलमन यांना मोजता आले. ‘आणखी कोणतीही अट नको’ असे म्हणणाऱ्या जीपीएलशी या कलमाचा मेळ बसणे शक्य नव्हते. २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाने ते कलम मागे घेतले, तेव्हा एका बाजूची अडचण दूर झाली. बीएसडीची संहिता जीपीएलच्या प्रकल्पात सामावून घेता येऊ लागली.

‘एका बाजूची’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. परवान्यांची सुसंगती हा शब्द ऐकला की दोन्हीकडून मोकळी ये-जा असेल, असा समज होतो. प्रत्यक्षात ही वाट एकमार्गी असते. कमी अटींची संहिता अधिक अटींच्या प्रकल्पात जाऊ शकते, कारण तिच्या थोड्या अटी पाळूनही नव्या अटी पाळता येतात. उलट दिशेने मात्र जीपीएलची संहिता बीएसडीच्या मूलप्रणालीत मिसळली, तर ती प्रणाली वाटताना सबंध जीपीएलखाली द्यावी लागेल, आणि बीएसडीच्या मंडळींना तेच नको असते. पाटाचे पाणी उताराने खालच्या शेतात जाते; खालच्या शेतातले वर येत नाही. २००७ सालच्या वादाचे मूळ या उतारात आहे.

२

शतकाच्या आरंभी घराघरांत बिनतारी संपर्क येऊ लागला तेव्हा अथेरॉस या अमेरिकन कंपनीच्या चिपा सर्वत्र दिसू लागल्या. सॅम लेफ्लर यांनी फ्रीबीएसडीसाठी या चिपांचा ड्रायव्हर लिहिला आणि त्याला बीएसडी किंवा जीपीएल यांपैकी घेणाऱ्याला हवा तो पत्करता येईल असा दुहेरी परवाना दिला. ‘मॅडवायफाय’ हा लिनक्सवरचा ड्रायव्हर याच घराण्यातला. परंतु या ड्रायव्हरच्या पोटात ‘हॅल’ नावाचा एक थर होता आणि तो केवळ यंत्रसंहितेच्या रूपात, वाचता न येणाऱ्या स्वरूपात दिला जाई. रेडिओची वारंवारिता व शक्ती आज्ञावलीनेच ठरत असल्यामुळे ती उघडी केल्यास कोणीही सरकारी नियम मोडून प्रक्षेपण करू शकेल, असे त्याचे कारण सांगितले जाई.

ओपनबीएसडी या प्रकल्पाला हे मान्य नव्हते. थिओ द राट यांनी १९९५ साली स्थापन केलेल्या या प्रकल्पाचा बाणा असा की, जे वाचता येत नाही ते प्रणालीत घ्यायचे नाही. या प्रकल्पातील राइक फ्लोएटर यांनी त्या बंद थराचे काम करणारी संहिता उलट-अभ्यासाने, म्हणजे यंत्राच्या वर्तनावरून अर्थ लावीत, स्वतः लिहिली. मे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपनबीएसडी ३.७ मध्ये ती आली. तिच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर फ्लोएटर यांचे नाव होते आणि खाली आयएससी परवान्याचा चार-सहा ओळींचा मजकूर होता. आयएससी हे बीएसडी कुळातलेच, पण आणखी आटोपशीर वळण. वापरा, बदला, वाटा. नाव आणि ही सूचना मात्र प्रत्येक प्रतीत राहू द्या. एवढीच काय ती मागणी.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००४ चा आपला पुरस्कार थिओ द राट यांनाच दिला होता. जीपीएलची जननी असलेल्या संस्थेने बीएसडीच्या कट्टर पुरस्कर्त्याचा असा गौरव करावा, इतके हे दोन संप्रदाय तेव्हा एकमेकांना जवळचे मानीत होते.

३

२००७ च्या एप्रिलमध्ये पहिली ठिणगी पडली, आणि तीत दोषाची बाजू ओपनबीएसडीकडे होती. ब्रॉडकॉम या दुसऱ्या कंपनीच्या चिपांसाठी लिनक्सवर एक ड्रायव्हर मोठ्या कष्टाने तयार झाला होता. एका गटाने चिपचे वर्तन अभ्यासून त्याचे वर्णन लिहायचे आणि दुसऱ्या गटाने केवळ ते वर्णन वाचून नवी संहिता रचायची, अशी काटेकोर विभागणी त्यांनी पाळली होती. ओपनबीएसडीच्या एका विकासकाने आपला ड्रायव्हर लिहिताना या जीपीएल संहितेतील भाग आधारासाठी म्हणून घेतले. काम पुरे झाल्यावर ते बदलायचे होते. परंतु हा अर्धवट खर्डा प्रकल्पाच्या सर्वांना खुल्या असलेल्या भांडारात ठेवला गेला. लिनक्सच्या लेखकांनी ही गोष्ट अनेकांना प्रती पाठवून जाहीरपणे निदर्शनास आणली, आणि परवानगी मागितली असती तर काही भागांचा परवाना बदलून देण्याचा विचार करता आला असता, असेही सुचवले. द राट यांचा संताप झाला तो पद्धतीवर. आधी खाजगीत एक पत्र पाठवता आले असते, चारचौघांत पंचनामा करण्याची गरज नव्हती, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी त्या विकासकाने आपला ड्रायव्हरच काढून टाकला. चूक मान्य होण्यासारखी होती आणि दुरुस्त होण्यासारखीही. पण त्या खटाटोपात एक ड्रायव्हर गेला आणि एका माणसाची उमेद खचली.

चारच महिन्यांनी हेच नाटक उलट्या भूमिकांनी पुन्हा रंगले. फ्लोएटर यांची संहिता निक कोसिफिदिस यांच्यासारख्या विकासकांनी लिनक्सकडे आणली होती आणि तिच्यातून ‘एथ५के’ हा ड्रायव्हर आकार घेत होता. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस त्या गटातील एकाने फेरफाराचा एक प्रस्ताव इतर विकासकांपुढे ठेवला. त्यात फाइलींच्या माथ्यावरचा जुना परवाना काढून तेथे केवळ जीपीएलची दुसरी आवृत्ती घातली होती. लेफ्लर यांच्या फाइलींपुरते याला काही समर्थन देता येत होते, कारण त्यांचा परवाना दुहेरी होता. फ्लोएटर यांनी असा पर्याय दिलेलाच नव्हता. त्यांची एकमेव अट होती ती सूचना ठेवण्याची, आणि नेमकी ती सूचनाच त्या प्रस्तावात पुसली गेली होती.

पुढे जो वाद झाला त्यातले सगळे शब्द टिकण्याच्या लायकीचे नाहीत. परंतु दोन युक्तिवाद लक्षात ठेवावेत. लिनक्सच्या बाजूचे काही जण म्हणाले : व्यापारी कंपन्या तुमची संहिता घेऊन कुलूपबंद करतात, त्याला तुम्ही आनंदाने परवानगी देता, मग आम्ही ती घेऊन सर्वांसाठी उघडी ठेवली तर तुमची तक्रार का? यावर ओपनबीएसडीचे उत्तर दुपदरी होते. पहिले, कंपनी संहिता बंद करते तेव्हाही आमचे नाव आणि सूचना पुसण्याचा हक्क तिला नसतो, तो तुम्हालाही नाही. दुसरे, कंपनीकडून परतफेडीची अपेक्षा आम्ही केलीच नव्हती. ती सोबत्यांकडून होती. मुक्ततेच्या नावाने चालणाऱ्या प्रकल्पाने आमच्या संहितेत सुधारणा करून त्या जीपीएलच्या कुंपणात ठेवल्या, तर मूळ लेखकालाच त्या परत घेता येत नाहीत.

पहिले उत्तर कायद्याचे आहे, दुसरे शिष्टाचाराचे. या दोहोंतील अंतर ओळखल्याशिवाय वाद समजत नाही. नाव आणि सूचना कायम ठेवून, स्वतःची भर तेवढी जीपीएलखाली घालण्यास आयएससी परवान्याची हरकत नाही. तसे झाले असते तर कायदा मोडला नसता. मात्र पाटाचे पाणी खालच्या शेतातच राहिले असते. सूचना पुसण्याची चूक दुरुस्त झाल्यावरही हा सल उरणारच होता.

४

निवाडा न्यायालयात झाला नाही. कोलंबिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांच्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने या ड्रायव्हरच्या वंशावळीची तपासणी केली होती. सप्टेंबर २००७ मध्ये याच संस्थेने, जीपीएलच्या प्रकल्पात सैल परवान्यांच्या फाइली कशा सांभाळाव्यात याविषयी विकासकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचा गाभा असा की, मूळ सूचना जशीच्या तशी ठेवावी; आपली भर निराळी नोंदवावी; आणि शक्य असेल तेथे ती भरही मूळ परवान्याखालीच द्यावी, म्हणजे दोन्हीकडच्यांना उपयोग होईल.

मूळ संहितेत कितपत भर घातली म्हणजे भर घालणारा स्वतः लेखक ठरतो, हाही प्रश्न याच वादात पुढे आला. नावे बदलणे, ओळींची मांडणी बदलणे, दुसऱ्या प्रणालीच्या सवयीप्रमाणे शब्द फिरवणे, एवढ्याने स्वतंत्र लेखकत्व सिद्ध होते का? आपल्या क्षेत्रात याचे उत्तर आपण सहज देतो. जुन्या पोथीचे लेखन आजच्या नियमांनुसार शुद्ध करणाऱ्याला आपण संपादक म्हणतो, कवी म्हणत नाही.

प्रस्ताव आला तसा स्वीकारला गेला नाही. एप्रिल २००८ मध्ये लिनक्स २.६.२५ बरोबर ‘एथ५के’ प्रसिद्ध झाला तेव्हा फ्लोएटर यांचे नाव आणि आयएससीची सूचना आपल्या जागी होती आणि लिनक्सच्या मंडळींनी त्या फाइलींत घातलेली भरही त्याच परवान्याखाली होती. पाणी परत वर नेण्यासाठी मोट बांधली गेली, असे म्हणता येईल. त्याच वर्षी खुद्द अथेरॉसने आपल्या पुढच्या पिढीतील चिपांचा ‘एथ९के’ हा ड्रायव्हर आयएससी परवान्याखाली खुला केला आणि काही आठवड्यांनी तो बहुचर्चित बंद थरही त्याच परवान्याने उघडला. ज्या गुप्ततेपायी फ्लोएटर यांना इतका खटाटोप करावा लागला, ती कंपनीने स्वतःच सोडली. तिने परवाना निवडला तोही दोन्ही संप्रदायांना घेता येईल असा. लिनक्समधील चित्रपटलाच्या ड्रायव्हरांचा मोठा भाग एमआयटीच्या सैल परवान्याखाली लिहिला जातो आणि बीएसडीच्या प्रणाली तो उचलून वापरतात. ही वहिवाटही याच समजुतीवर चालते.

५

आता आमच्या घरच्या गोष्टीकडे वळतो. आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी भाषाविज्ञानाची टिपणे तयार केली होती. त्यांतील निम्मी मांडणी आणि बहुतेक उदाहरणे त्यांच्या स्वतःच्या गुरुजींच्या वर्गातली; पहिल्या पानावर तसे स्पष्ट लिहिले होते. टिपणांच्या छायाप्रती एका महाविद्यालयातून दुसऱ्यात फिरल्या. बऱ्याच दिवसांनी एका विद्यार्थ्याने त्यांतली एक प्रत ‘सर, ही फार उपयोगी आहे’ म्हणून आणून दाखवली. तिला पहिले पान नव्हते. कोणी मुद्दाम फाडले असेल, असे आम्हांला वाटत नाही. अभ्यासाला निरुपयोगी म्हणून छायाप्रत काढताना ते वगळले गेले असावे. टिपणे विनामूल्यच होती, ती वाटली जावीत हीच इच्छा होती; तरी दुःख झाले. आपले नाव गेल्याचे फारसे नाही. गुरुजींचे गेले, आणि ते हयात नाहीत, याचे झाले.

मराठी परंपरेने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. आपल्या संतकवींची नाममुद्रा अभंगाच्या शेवटच्या चरणात विणलेली असते. ती काढायची तर चरणच मोडावा लागतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा काळ सांगितला आहे आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचाही उल्लेख आहे. कवीबरोबर लेखनिकालाही संहितेत जागा मिळाली आहे. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. सूचना संहितेबरोबरच प्रवास करील, ही त्यात खबरदारी आहे. अर्थात नाममुद्रा असूनही प्रक्षेप झाले, आणि मुद्रेचाच आधार घेऊन दुसऱ्यांचे अभंग तुकोबांच्या नावावर चढले, हे आपण जाणतो. मजकुरातली सूचना स्वतःचे रक्षण करू शकत नाही. नक्कल करणाऱ्याने ती पाळली तरच ती टिकते.

फ्लोएटर यांच्या फाइलींवरच्या त्या चार-सहा ओळी आम्ही या दृष्टीने वाचतो. परवाना म्हणजे वकिली मजकूर, असे मानून त्यावरून नजर फिरवणे सोपे असते. संहितेत काम करणाऱ्यांना तो कामाचा भागच वाटत नाही. पण एखादा ड्रायव्हर कोणाच्या श्रमातून आला, कोणत्या अटींवर आला, आणि पुढे कोणाला कोणत्या अटींवर मिळेल, हे सांगणारी तेवढीच जागा त्या सबंध फाइलीत असते. २००७ च्या दोन्ही प्रसंगांत चूक करणारे लोक चोर नव्हते. एकाला काम उरकण्याची घाई होती, दुसऱ्याला आपल्या प्रकल्पाच्या परवान्यावर गाढ श्रद्धा होती. घाई आणि श्रद्धा या दोन्हींनी जुन्या प्रतींची काय गत केली आहे, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

पुढच्या वर्षी पाठचिकित्सेच्या तासाला ज्ञानेश्वरी आणि गाथा यांच्या जोडीला या वादाची हकीकत सांगावी, असे आम्ही ठरवले आहे. टिपणांच्या नव्या प्रतीत गुरुजींचे नाव आता पहिल्या पानावर नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी घातले आहे.